सव्वा महिना आणि खाडा

दसऱ्याच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, पाटोदा, वडवणी, शिरूर कासार या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ऊसतोडीला निघालेलं सगळं बिऱ्हाड वर चढतं. कोपीसाठी, म्हणजे फडाजवळच्या झोपडीसाठी, बांबू आणि ताडपत्री, बाजरीचं पोतं, तवा-परात, पाण्याचे ड्रम, शेळी, खुराड्यासकट कोंबड्या आणि सगळ्यात वर लेकरं. या पसाऱ्यात दोन कागदही जातात. एक, मजुरांची टोळी ठरवणाऱ्या मुकादमाच्या खिशातली डायरी. दुसरा, घरात कुणी गरोदर असेल तर, कॅरीबॅगेत गुंडाळलेलं तिचं माता-बाल संरक्षण कार्ड.

डायरीत नवऱ्याचं नाव, पुढे उचलीची रक्कम आणि त्यापुढे ‘१ कोयता’. कोयता म्हणजे इथे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी अर्धा कोयता धरतात. म्हणजे बाईशिवाय हिशेब पुरा होत नाही, पण हिशेबात तिचं नाव नाही. कार्डावर मात्र तिचं नाव पहिल्या ओळीत असतं. शेवटची पाळी कधी आली, बाळंतपणाची अंदाजे तारीख, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन. गाव सोडेपर्यंतचे रकाने आशाताई आणि नर्सबाईंनी भरलेले असतात. नंतरचे बहुतेक कोरे. गावच्या रजिस्टरात तेवढ्या महिन्यांसाठी तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि काम संपतं.

हे दोन कागद एकाच ट्रकमधून जातात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. ऊसतोड बाईच्या शरीराची जी परवड होते, तिचं मूळ मला इथे दिसतं. म्हणून आधी डायरीचा हिशेब समजून घेऊ.

उचल म्हणजे हंगामाआधी हातात पडणारी रक्कम. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून ती मुकादमाकडे येते आणि तो ती कोयत्यामागे वाटतो. पावसाळ्यात घर रिकामं असतं, मुलीचं लग्न असतं, दवाखाना झालेला असतो, तेव्हाच ती घेतली जाते. समजा एका कोयत्याने एक लाख उचलले. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर २७३ रुपयांवरून टनाला ३६६ रुपये झाला. या दराने लाख रुपये फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडीने दिवसाला दोन टन तोडले, आणि ते रोज जमतं असं नाही, तरी १३७ दिवस लागतात. गळीत हंगामच चार-पाच महिन्यांचा. म्हणजे एकही दिवस न चुकता राबलं तर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, जेमतेम उचल फिटते. त्यातच आठवड्याच्या बाजारासाठी मुकादमाकडून घेतलेली खर्ची वेगळी. ती अंगावर चढते आणि फिरून पुढच्या हंगामाच्या उचलीत जाते.

या हिशेबाला सगळ्यात मोठी भीती खाड्याची. एक दिवस कामावर गेलं नाही की मजुरी बुडते, वर दंड पडतो. कुठे पाचशे, कुठे त्याहून जास्त. ताप आला तरी खाडा. पाळीत उभं राहवत नाही, तरी खाडा. पोटुशी बाई तपासायला तालुक्याच्या दवाखान्यात गेली, तर नवऱ्यालाही बरोबर जावं लागतं, मग अख्ख्या कोयत्याचा खाडा. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट असते हे खरं. पण या बाईला त्या फुकट तपासणीचे बाराशे रुपये पडतात: ७३२ रुपयांची बुडालेली मजुरी आणि पाचशेचा दंड. मातृआरोग्याच्या योजना आखणाऱ्याने हा आकडा आधी समोर ठेवावा, असं मला कळकळीने वाटतं.

आता कार्डाचा हिशेब. गरोदरपण नऊ महिन्यांचं. त्यापुढे सव्वा महिना बाळंतिणीचा. आपल्याकडे घरोघरी पाळतात तो, आणि वैद्यकशास्त्रही गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण बेचाळीस दिवस सांगतं. एकूण झाले सव्वादहा महिने. ऊसतोड कुटुंब गावात राहतं सहा-सात महिने. दिवस कुठल्याही महिन्यात राहिले तरी ही सव्वादहा महिन्यांची पट्टी गावच्या मुक्कामात बसतच नाही. तिचे तीन-चार महिने फडात पडणारच. काही बायका गरोदरपणाचा आरंभ फडात काढतात, काही शेवट, आणि काहींचं बाळंतपणच कोपीत होतं. हंगाम टाळून मूल होणं या बाईला गणिताने शक्य नाही. म्हणून गावच्या उपकेंद्राला बांधलेली मातृसेवा तिच्यापर्यंत पूर्ण कधीच पोचत नाही, मग नर्सबाई कितीही मनापासून काम करणारी असो.

फडातलं काम शरीराच्या बाजूने बघा. पहाटे तीन-चारला उठून भाकरी, पाणी. मग थंडीत दव पडलेल्या उसात शिरायचं. वाकून बुडख्याशी घाव घालायचा, पाचट सोलायचं, वाढे तोडायचे, मोळ्या बांधायच्या. मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. संडास नाही, आडोसा नाही, म्हणून बाई पाणी कमी पिते आणि लघवी दाबून धरते. पाळीतलं कापड धुवायला स्वच्छ पाणी नाही, वाळवायला जागा नाही. बाळंत झालेली बाई आठ-पंधरा दिवसांत पुन्हा मोळी उचलते, बाळ बांधाला झोळीत.

गर्भाशय ज्या स्नायूंच्या आणि बंधांच्या आधारावर असतं ते बाळंतपणात ताणलेले, सैल झालेले असतात. त्यांना आवळायला हेच बेचाळीस दिवस हवे असतात. त्याच दिवसांत डोक्यावर चाळीस किलो आलं की पोटातला दाब खाली येतो आणि अंग खाली उतरू लागतं. एका बाळंतपणात कदाचित कळत नाही. तीन बाळंतपणं, दहा हंगाम झाले की कंबर धरते, ओटीपोट ओढतं, काही जणींचं अंग बाहेर येतं. त्यातच न बदललेलं कापड आणि दाबलेली लघवी यांतून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, वास येतो, खाज सुटते. रक्त आधीच कमी. लग्नही लवकर झालेलं: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमध्ये वीस ते चोवीस वयाच्या दर शंभरातल्या सुमारे ४४ बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचं प्रमाण २२ च्या आसपास आहे. मुलगी मोठी झाली, कोपीत एकटी ठेवून कामावर कसं जायचं, या धास्तीनेही लग्न उरकतात. शिवाय लग्न झालं की आणखी एक कोयता तयार होतो. पंचविशीत कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं असतं. ‘आता मुलं झाली, पिशवीचं काम संपलं’ ही समजूत तिथे तयार होते, आणि पुढचं सगळं त्या समजुतीवर उभं राहतं.

पिशवी हा शब्द बीडकडे गर्भाशयाला सर्रास वापरतात. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी खराब झाली’, ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’. ही वाक्यं कितीतरी बायकांनी दवाखान्यात ऐकलेली आहेत. सोनोग्राफीचा कागद हातात, पोटात दुखतंय, दसरा जवळ आलेला. डॉक्टर म्हणतात, काढून टाका म्हणजे कायमची कटकट गेली. बाई मनात हिशेब करते: दर महिन्याचे दोन-तीन खाडे वाचतील. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून किंवा सावकाराकडून येतात. म्हणजे पिशवी जाते आणि उचल वाढते.

या विषयाला २०१९ मध्ये वाचा फुटली. एप्रिलमध्ये इंग्रजी वृत्तपत्रात बीडच्या गावांबद्दल बातमी आली. जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे जवळपास दर सहा बायकांमागे एक. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. दोन्ही पाहण्यांचे वयोगट नेमके सारखे नाहीत हे धरूनही फरक डोळ्यांत भरतो. मग बीडमध्ये खासगी दवाखान्याला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला राज्यांना सांगितलं. परवानगीची अट चांगलीच आहे. पण ती बीडच्या हद्दीत चालते आणि बाईचा वर्षातला निम्मा काळ हद्दीबाहेर जातो. शिवाय अट शस्त्रक्रिया अडवते, पोटातलं दुखणं नाही. जून २०२५ मध्ये जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या तपासणीचे आकडे बाहेर आले. त्यांत ८४३ जणींची पिशवी काढल्याची नोंद होती, आणि १,५२३ बायकांनी गरोदरपणात ऊस तोडला होता.

काही वेळा गर्भाशय काढावंच लागतं: कर्करोग, मोठ्या गाठी, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव. अशा वेळी तोच उपचार. पण तिशीतल्या बाईचं गर्भाशय गेलं, आणि बरोबर बीजकोषही गेले, तर शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम तुटतं. हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगाची आग होते, झोप जाते, सांधे धरतात. बीजकोष ठेवले तरी त्यांचं काम थांबण्याचं वय काही वर्षं अलीकडे येतं. ज्या बाईने खाडे वाचवायला पिशवी काढली, तिची पाच-सात वर्षांनी मोळी उचलायची ताकदच जाते. तोवर अंगावरची उचल संपलेली नसते.

याला गुलामगिरी म्हणावं का? शब्द जड आहे, आणि अनेकांना तो खटकतो, कारण इथे साखळदंड नाही आणि उचल घ्यायला कुणी बळजबरी केलेली नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या १९५६ च्या करारात कर्जापोटीच्या गुलामीची व्याख्या आहे. केलेल्या कामाचं रास्त मोल कर्जातून वजा होत नसेल, किंवा ते काम किती काळ आणि कसलं हे ठरलेलंच नसेल, तर ती गुलामी. आपल्याकडे वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम हीसुद्धा सक्तीची मजुरी, कारण भूक हीही सक्तीच आहे. उचल फिटली नाही म्हणून कुटुंबाला किंवा मुकादमाला डांबून ठेवल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. सगळ्याच टोळ्या अशा नसतात. मुकादम स्वतः अनेकदा गावचाच, भावकीतला, वर कारखान्याच्या कर्जात अडकलेला. तरीही एखादी बाई दंडाच्या भीतीने अवयव काढून घेते, तेव्हा तिने सही केली एवढ्यावर तो तिचा मोकळा निर्णय होत नाही.

मग मातृसेवा इथे काय करू शकते? बरंच काही.

आधी सगळ्यात साधी गोष्ट. अंगावरून पांढरं जाण्यावरचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. जननमार्गाच्या संसर्गासाठी रंगांची पाकिटं ठरलेली आहेत. योनिमार्गाचा स्राव असेल तर हिरवं पाकीट, त्याचा डोस एकाच दिवसाचा. ओटीपोटात दुखत असेल, गर्भाशयाला किंवा नळ्यांना सूज असेल तर पिवळं पाकीट, ते चौदा दिवसांचं. नवऱ्यालाही औषध लागतं का हे बघायचं, नाहीतर दुखणं फिरून येतं. अंग उतरत असेल तर सुरुवातीला व्यायामाने आणि आत बसवायच्या रिंगेने पुष्कळ आराम पडतो. ज्या तक्रारींवर पिशव्या निघाल्या त्यांतल्या बऱ्याच अशा पाकिटात मावणाऱ्या आहेत, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत दुखरं सत्य वाटतं. पाकीट उपकेंद्रात असतं आणि बाई फडात.

हे अंतर तोडायचा एक प्रयत्न बीड जिल्हा परिषदेने ‘मिशन साथी’तून केला. टोळीतलीच जरा शिकलेली बाई निवडायची, तिला शिकवायचं, औषधांची पेटी द्यायची. तीच आरोग्य साथी. ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण साथी टोळीबरोबर फिरते. तिच्याकडे जायला खाडा पडत नाही, आणि पांढरं जातं हे पुरुष डॉक्टरला सांगायची लाज तिच्यासमोर आड येत नाही. रात्री चुलीपाशी बसून ती विचारू शकते. तिच्या पेटीत लोहाच्या गोळ्या, गरोदरपणाच्या तपासणीची पट्टी आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर हवाच. पण तिला पाठबळही हवं. पेटी संपली की भरून देणारं कारखान्याच्या हद्दीतलं केंद्र हवं, नाहीतर डिसेंबरातच पेटी रिकामी होईल.

दुसरी गोष्ट निघण्याआधीची. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या ९ तारखेला ऊसतोडीच्या गावांत ही तपासणी जोर लावून व्हायला हवी: रक्त, लघवी, रक्तदाब, आणि सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईला गावातच ठेवण्याची सोय. जिला इतक्यात मूल नको तिला तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन, आणि पुढचा डोस कुठे मिळेल याचा पत्ता. त्या पत्त्याशिवाय इंजेक्शन अर्धंच.

आणि तिसरी गोष्ट, जी करताना फारसं कुणी दिसत नाही: विचारणं. ऊसतोड बाई सरकारसमोर एकटी, नवऱ्याच्या आणि मुकादमाच्या आड न राहता बसते ती बहुधा एकाच ठिकाणी, गरोदरपणाच्या तपासणीच्या खोलीत. तिथे रक्तदाबाबरोबर तीन प्रश्न विचारता येतील. अंगावर उचल किती आहे? खाड्याला दंड किती पडतो? बाळंतपणानंतर कितव्या दिवशी कामावर जावं लागेल? उत्तर आलं ‘पंधराव्या दिवशी, नाहीतर रोजचे पाचशे’, तर हा वैद्यकीय धोका आहे, आणि वेठबिगारीची खूणही. वेठबिगार कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यावर जबाबदारी आहे, जिल्ह्यात आणि उपविभागांच्या पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. नर्सने पोलीस व्हावं असं नाही, आणि तिच्या नोंदीमुळे बाईवर मुकादमाचा राग निघू नये याची काळजी घ्यावीच लागेल. नावं झाकून, गाव आणि कारखान्यानुसार एकत्र केलेली उत्तरं जिल्हाधिकारी कार्यालयात गेली तरी पुरे. डायरी आणि कार्ड तिथे पहिल्यांदा शेजारीशेजारी येतील.

तरीही सव्वा महिन्याचा प्रश्न उरतोच, कारण तो औषधाचा नाही, पैशाचा आहे. कायद्याने बाळंतपणाची रजा देशभर १९६१ पासून आहे, २०१७ मध्ये ती सव्वीस आठवडे झाली. ऊसतोड बाईला ती लागत नाही, कारण कारखाना म्हणतो ही आमची कामगार नव्हे, मुकादमाची. आणि मुकादम म्हणतो मी कसला मालक. भार कुणी उचलायचा हा वाद मुंबईतल्या गिरण्यांबाबतही झाला होता. तिथल्या कामगार बायकांसाठी बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आलं तेव्हा, २८ जुलै १९२८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि बाईच्या श्रमातून जो नफा कमावतो त्यानेही त्या विश्रांतीचा काही भार उचलायला हवा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. पुढच्या जवळपास शंभर वर्षांत तो गिरणीतून फडापर्यंत आलेला नाही.

भार खरंच एवढा मोठा आहे का, ते मांडून बघू. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. त्याच्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असं ठरलं. राज्यात अलीकडच्या हंगामांत आठ कोटी टनांहून जास्त ऊस गाळला गेला आहे, म्हणजे कारखान्यांचाच वाटा हंगामाला ऐंशी कोटींच्या पुढे जातो. आता बीडच्या त्या १,५२३ गरोदर बायका घ्या. बाई थांबली की कोयता थांबतो, म्हणून मजुरी जोडीची धरू: दिवसाला दोन टन, ७३२ रुपये. बेचाळीस दिवसांचे ३०,७४४ रुपये. सगळ्या जणींचे मिळून चार कोटी अडुसष्ट लाख.

आणि यासाठी नवी नोंदवहीही लागत नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडीची पावती निघते. कुठल्या टोळीने, कुठल्या दिवशी, कुठल्या फडातून किती टन ऊस आणला ते त्या पावतीवर किलोपर्यंत छापलेलं असतं. कुठली टोळी कुठे आहे हे हंगामभर कारखान्याला ठाऊक असतं. त्या टोळीतल्या कोणत्या कोपीत बाळंतीण आहे हे जवळच्या आरोग्य केंद्राला कळवायचं, तिच्या नावापुढे बेचाळीस दिवस खाडा लावायचा नाही, आणि त्या दिवसांची मजुरी महामंडळातून थेट तिच्या खात्यात टाकायची. खातं तिच्या नावाचं हवं, कोयत्याच्या नव्हे.